केसांचं मुद्दल

गेल्या आठवड्यात चिपळूणहून भाच्याचा मेसेज आला. "मामा, इस्तंबूलचं पॅकेज बघितलंय. हॉटेल, विमानतळावरून गाडी आणि एका दिवसात पाच हजार ग्राफ्ट. तू केलंयस ना? सांग, करू का?"

भाचा तेवीस वर्षांचा. नोकरी लागून आठ महिने झाले. पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाचं बघायचं असं ताईच्या मनात आहे, आणि पोराच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागलेत. उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं. म्हटलं, आपल्या आखाती मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या मनात हा प्रश्न असतो, तर सगळ्यांसाठीच लिहावं.

मी शारजात राहतो, बांधकाम साइटवर सेफ्टी सुपरवायझर आहे. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी केस गळायला लागले. रूममधल्या सगळ्यांचं एकच निदान, "इथलं पाणी!" समुद्राचं खारं पाणी गोडं करून देतात, त्यानेच टक्कल पडतं, हे इथे लहान मुलंही सांगतील. मी नळाला फिल्टर लावला, बाटलीच्या पाण्याने डोकं धुतलं, हेल्मेटला शिव्या घातल्या. चार वर्षांनी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो, तर त्यांनी हसून विचारलं, "पाणी डोक्यावर सगळीकडे पडतं ना? मग मागचे आणि कानावरचे केस कसे टिकले?"

पुरुषांमधलं नेहमीचं टक्कल हे आनुवंशिक असतं. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. कपाळाजवळची आणि टाळूवरची केसांची मुळं त्याला बळी पडतात, केस दरवेळी बारीक होत होत शेवटी उगवायचेच थांबतात. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं मात्र त्याला दाद देत नाहीत. तिथलं मूळ काढून पुढे लावलं तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाही, हे न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं. आजची सगळी शस्त्रक्रिया याच एका गोष्टीवर उभी आहे.

म्हणजे लक्षात घ्या, यात नवा केस एकही तयार होत नाही. एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात भरायचं, एवढंच. आणि मागच्या खात्यात असतं ते मुद्दल, त्यावर व्याज नाही. बहुतेकांच्या डोक्यामागून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघू शकतात, कोणाचे कमी, कोणाचे जास्त. ग्राफ्ट म्हणजे एका जागी उगवणारा एक ते चार केसांचा छोटा गुच्छ. आता भाच्याचं 'एका दिवसात पाच हजार' परत वाचा.

माझं झालं तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. आधी डॉक्टरांनी वर्षभर औषधं दिली. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं आणि फिनास्टेराइडची गोळी. ही गोळी मनाने घेऊ नका. काहींना लैंगिक तक्रारी होतात, काहींना उदास वाटतं, म्हणून डॉक्टरशी मोकळेपणी बोलूनच घ्यावी. औषधं असलेले केस टिकवायला असतात, आणि बंद केली की फायदाही हळूहळू जातो. वर्षभराने गळती आटोक्यात आली, मग रक्ततपासण्या, बीपी, साखर बघून तारीख ठरली. सिगारेट आधीच बंद करायला लावली होती. आणि चाई पडली असेल तर आधी तिचा इलाज, तिथे घाईने रोपण करत नाहीत.

प्रत्यक्ष दिवस असा. सकाळी आठला डॉक्टरांनी स्वतः पेनने कपाळावर रेघ आखली. मला कॉलेजातल्या फोटोसारखी खाली हवी होती, त्यांनी बोटभर वर आखली. म्हणाले, "पन्नाशीतही शोभली पाहिजे." डोकं बारीक कापलं. मग भुलीची इंजेक्शनं, सगळ्यात दुखलं ते एवढंच. पालथं झोपवून एक मिलिमीटरच्या आसपासच्या गोल पात्याने एकेक गुच्छ सोडवून काढला, याला एफयूई म्हणतात. दुसरी पद्धत एफयूटी. तिच्यात मागून त्वचेची पट्टीच काढतात आणि टाक्यांची एक रेघ राहते. एफयूईतही बारीक ठिपक्यांचे व्रण राहतात, 'डाग नाही' ही नुसती जाहिरात.

दुपारी डोक्याला गुंडाळलेलं बँडेज सांभाळत वरण-भात खाल्ला. मग उताणं झोपवून पुढे बारीक छेद घेतले आणि त्यांत ग्राफ्ट बसवले. अगदी पुढच्या ओळीत एकेरी केसांचे, मागे दोन-तीन केसांचे. छेदाचा कोन आणि दिशा चुकली तर केस उभे राहतात आणि ब्रशसारखे दिसतात, खरी कारागिरी तिथेच. २४०० ग्राफ्टना संध्याकाळचे साडेपाच वाजले.

पुढचे दिवस कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आठवडाभर उशा रचून, डोकं उंच ठेवून झोपायचं. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, आई घाबरली, पण ती दोन दिवसांत गेली. खपल्या निघायला दहा-बारा दिवस लागले. हात लावायचा नाही, खाजवायचं नाही, डोकं धुवायचं ते सांगितल्या पद्धतीनेच. तेव्हा सुट्टीत लग्नकार्य असेल तर हा बेत त्याच सुट्टीत बसवू नका. मी घरच्या पूजेलाही आतल्या खोलीत बसलो होतो. परत आल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून महिनाभर ऑफिसचं काम मागून घेतलं, कारण हेल्मेटचा दाब आणि इथलं ऊन दोन्ही वर्ज्य.

आणि मग पाचव्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले! उशीवर, बेसिनमध्ये, सगळीकडे. रूममधले म्हणाले, "गेले रे पैसे पाण्यात." मला आधी सांगितलेलं होतं, तरी रात्रभर झोप नाही. पण हे असंच होतं. केस गळतात, मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लव दिसली, सहाव्यात फरक, आणि खरं रूप वर्षाने.

माझ्याच रूममधल्या एकाने मात्र स्वस्तातलं पॅकेज घेतलं. देश आणि दवाखाना सांगत नाही. डॉक्टर पाच मिनिटं दिसले, बाकी सगळं काम कोणी केलं ते त्याला आजही माहीत नाही. पुढे केस विरळच आले, आणि मागचं डोकं कसर लागलेल्या शालीसारखं झालं. दुरुस्तीला गेला तर दोन डॉक्टरांनी सांगितलं की मागे घेण्यासारखं काही उरलेलं नाही. गडी दिवसभर टोपी घालतो. व्हिडिओ कॉलवरसुद्धा.

म्हणून, बाळा, देशापेक्षा माणूस बघ. चांगले डॉक्टर इस्तंबूललाही आहेत, पुण्यालाही आहेत, आणि नको ते दोन्हीकडे आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून हे काम सुरू करण्याइतकं शिक्षण होत नाही. छेद कोण घेणार, ग्राफ्ट कोण काढणार, काही बिघडलं तर कोण बघणार, हे लेखी विचार. उत्तर टाळलं तर उठून ये.

आणि तुझं वय तेवीस. तुझं टक्कल कुठवर जाणार हे अजून कोणालाच ठाऊक नाही. आज पुढे सगळं मुद्दल ओतलंस आणि मागून टाळू उघडी पडत गेली, तर पुढे केसांचं बेट आणि मागे माळरान. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, औषधांनी काय टिकतं ते वर्ष-दोन वर्षं बघ. मग माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन जातो.

लग्नाचं म्हणशील, तर तुझे आजोबा बोहल्यावर चढले तेव्हाच त्यांचं कपाळ तुझ्यापेक्षा मोठं होतं. आईच्या कपाटात फोटो आहे, मागून घे. मी केस लावून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "छान दिसतंय हो. पण मधे तू अगदी ह्यांच्यासारखा दिसायला लागला होतास." बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला केस लावल्याचा पस्तावा नाही. पण हे कोणी आधी बोललं असतं तर मी तेवढी घाई केली नसती, एवढं खरं.