मोठ्या रिळाची तजवीज

शिलाईयंत्राच्या खुंटीवर न मावणारे दोऱ्याचे शंक्वाकृती रीळ मागे लोट्यात उभे करून, दोरा वर बांधलेल्या तारेच्या आकड्यातून ओवण्याची जी तजवीज करता येते, तिच्यामागे सूक्ष्म शास्त्र आहे. लहान रीळ खुंटीवर सहज फिरते. परंतु जड रीळ फिरवावयाचे तर टाक्यागणिक दोऱ्यास हिसका बसतो, आणि यंत्र थांबले तरी, पाय काढल्यावरही फिरणाऱ्या चाकाप्रमाणे, रीळ जडत्वाने फिरतच राहते. म्हणून रीळ स्थिर ठेवून दोरा त्याच्या निमुळत्या टोकावरून वेटोळ्यांनी उचलावा. आकडा मात्र टोकाच्या नेमका वर, बुडापासून रिळाच्या उंचीच्या सुमारे दुप्पट ते अडीचपट अंतरावर हवा. तो बाजूस सरकला, की दोरा कडेला घासतो, ताण बदलतो आणि उत्तम कापडावरील शिवणही चुरगळते.