खात्यातले पंधराशे, हातातले पंधराशे

निराधार, श्रावणबाळ आणि लाडकी बहीण या योजनांचे अनुदान आता मुंबईहून थेट खात्यात पडते. खात्यातून ते हातात घेण्याचे काम मात्र अजूनही ज्याचे त्यालाच निस्तरावे लागते.

‘पैसे पडले’ ही बातमी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत बँकेच्या संदेशाआधी पोहोचते. शेजारणीच्या मोबाइलवर टिंग वाजते आणि दुसऱ्या दिवशी देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या बँकांपुढे रांग लागते. चिचगड, ककोडी किंवा केशोरीच्या आजूबाजूच्या पाड्यावरून तालुक्याला यायचे म्हणजे गाडीभाडे गेले आणि दिवसाची मजुरीही बुडाली. रोवणीच्या दिवसांत तर हा खाडा फारच महागात पडतो. त्यातून ‘सर्व्हर डाउन’ ऐकून परतावे लागले, तर पंधराशेतले किती उरले याचा हिशेब बसमध्येच सुरू होतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 साली, अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. पुढे 65 वर्षांवरच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आली. दोन्हींची रक्कम 2023 मध्ये महिना 1,000 वरून 1,500 रुपये झाली. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा 80 वर्षांखालील व्यक्तीला अजूनही 200 रुपयेच आहे, वरची भर राज्य घालते. 2024 च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम पडले आणि एरवी बँकेची पायरी न चढणाऱ्या बायकाही रांगेत आल्या. थकलेल्या दंडापोटी बँकांनी या पैशांतून कपात करू नये, असे तेव्हा सरकारला बजावावे लागले.

पैसे नेमके कुठे पडतात?

पूर्वी निराधारचे पैसे तहसील कार्यालयातून यादीसह बँकेत जात आणि यादीतल्या खाते क्रमांकावर जमा होत. डिसेंबर 2024 पासून राज्याने या योजनाही थेट लाभ हस्तांतरणावर, म्हणजे डीबीटीवर आणल्या. डीबीटी आधार क्रमांक बघते आणि तो क्रमांक सर्वांत शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला, त्या बँकेतल्या खात्यात पैसे टाकते. अर्जात कोणते पासबुक जोडले होते, याला तिथे किंमत नाही.

‘माझे पैसेच आले नाहीत’ या तक्रारींतल्या बऱ्याच इथे सुटतात. जिल्हा बँकेतल्या जुन्या पासबुकात एन्ट्री मारून घेतली तर काहीच दिसत नाही, कारण मधल्या काळात कुणीतरी गॅस अनुदानासाठी किंवा सिमकार्डाबरोबर दुसरे खाते उघडून दिलेले असते आणि आधार तिकडे गेलेले असते. म्हणून तहसीलला चकरा मारण्याआधी आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे, ते बँकेत किंवा सेवा केंद्रात तपासून घ्यावे. हव्या त्या खात्याला आधार पुन्हा जोडण्याचा अर्ज त्याच बँकेच्या शाखेत देता येतो.

यंत्रापुढे उभे राहिल्यावर

पैसे खात्यात असतील, तर काढायचा सर्वांत सरळ रस्ता एटीएमचा. कार्ड घालायचे, पडद्यावर ‘मराठी’ दाबायचे, बचत खाते निवडायचे, रक्कम टाकायची, चार आकडी पिन टाकायचा. काही यंत्रे पिन आधी विचारतात, काही रक्कम. बावरून न जाता पडदा वाचत गेले की पुरते. काही यंत्रांत कार्ड शेवटपर्यंत आतच राहते. ते घाईने ओढले की व्यवहार तिथेच अडतो.

गरिबाला नोटांची अडचण वेगळीच असते. खात्यात 1,480 रुपये आहेत आणि यंत्रात फक्त पाचशेच्या नोटा आहेत, तर हातात हजारच येतात. वरचे 480 महिनाभर अडकतात. श्रीमंताला हे कळणारही नाही, पण ज्याच्या खात्यात दुसरा पैसा नाही, त्याचा हा किराणा असतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये बँकांना सांगितले की मार्च 2026 पर्यंत 90 टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. गोंदियासारख्या जिल्ह्यात हा नियम कागदावर राहतो की यंत्रात उतरतो, याकडे लक्ष ठेवायला हवे.

स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. महानगराबाहेर दुसऱ्या बँकेच्या यंत्रावरही पाच मिळतात. त्यापुढे मे 2025 पासून एका व्यवहाराला 23 रुपयांपर्यंत आणि वर कर असा आकार लागू शकतो. नुसती शिल्लक बघणे हाही व्यवहारच धरला जातो. ‘पैसे पडले का’ म्हणून यंत्रात चारदा डोकावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

जनधन खात्याच्या रुपे कार्डाला अपघात विमा असतो, पण अपघाताआधीच्या 90 दिवसांत कार्ड वापरलेले असावे लागते. पेटीत जपून ठेवलेल्या कार्डाचा विमा असा नकळत निजतो.

खात्यातून गेले, हातात आले नाहीत

वीज गेली, तार तुटली, यंत्र अडले आणि खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती बुडत नाही. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ती आपणहून खात्यात परत टाकायची असते. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. निघालेली पावती जपावी. पावती नसेल तर यंत्राची जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. यंत्र कुणाचेही असो, तक्रार आपले खाते असलेल्या शाखेतच करायची आणि तिचा क्रमांक मागून घ्यायचा. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते.

अंगठा की कार्ड?

एटीएम तालुक्याच्या गावी, पण अंगठा लावून पैसे देणारा बँकमित्र किंवा पोस्टमन गावातच. म्हणून वयस्कर मंडळींचा ओढा तिकडे. सोय खरी, पण तिच्या दोन अडचणी आहेत. पहिली अडचण बोटांची. जन्मभर चिखलात रोवणी केलेल्या, बिड्या वळलेल्या, तेंदूपाने तोडलेल्या बोटांच्या रेघा झिजतात आणि यंत्र ‘जुळत नाही’ म्हणते. डोळ्याच्या बाहुलीवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे, पण त्यासाठीचे साधन केंद्रात असावे लागते. दुसरी अडचण विश्वासाची. अंगठा एकदा लागला की पडद्यावर 1,000 लिहिले की 1,500, हे न वाचता येणाऱ्या बाईला कळत नाही. बँकमित्राने ग्राहकाकडून स्वतःची वेगळी फी घ्यायची नाही, असा नियम आहे. तरी दहा-वीस रुपये ‘चहापाण्याला’ ठेवून घेणारे भेटतात. छापील पावती मागण्याची सवय लागली, तर निम्मा घोळ थांबेल.

अनुदानाची शेवटची पायरी परदेशातही अवघडच ठरली आहे. दक्षिण आफ्रिकेत वाटपाचे काम एका खासगी कंपनीकडे गेले, तेव्हा कर्जाच्या आणि मोबाइल रिचार्जच्या नावाखाली अनुदानातून परस्पर पैसे वळते होऊ लागले. प्रकरण थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. ब्राझीलने मात्र गल्लोगल्लीच्या लॉटरी दुकानांतून कार्डावर पैसे मिळण्याची सोय केली.

पिन कुणाचा?

एटीएमला कुणाची ओळखपाळख लागत नाही, ते ‘कशाला हवेत पैसे’ असेही विचारत नाही. परित्यक्तेला किंवा विधवेला आपला पैसा कुणाचे तोंड न बघता काढता यावा, यासाठी ही सर्वांत मोकळी जागा. पण कितीतरी कार्डांच्या कागदी पाकिटावर पिन पेनाने लिहिलेला असतो आणि पाकीट नातवाच्या खिशात असते. नवा पिन मोबाइलवर आलेल्या ओटीपीने बनतो, आणि खात्याला जोडलेला मोबाइल मुलाचा किंवा जावयाचा. मग पिनचा मालक कोण, हे वेगळे सांगायला नको. घरचा माणूस चांगला असेल तर निभते. नसेल तर तक्रारीलाही जागा राहत नाही, कारण आपणच दिलेल्या पिनने निघालेल्या पैशांची जबाबदारी बँक घेत नाही.

यावर उपाय महाग नाही. अनुदान मंजूर झाले की शाखेने कार्ड लाभार्थी बाईच्याच हातात द्यावे, पहिला पिन तिच्याच बोटांनी टाकून घ्यावा आणि पहिले शंभर रुपये तिच्याकडूनच काढून घ्यावेत. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते शिकवता येतात, तर चार आकडेही शिकवता येतील. ज्या बायका बाजारात तांदळाचा भाव पैशापर्यंत तोंडी काढतात, त्यांना चार आकडे जड नाहीत. ते त्यांना सांगायची तसदी आजवर कुणी फारशी घेतलेली नाही, आणि ती घेण्याचे काम बँकेचे आहे.