व्हरमाँटचा दुहेरी कौल : गव्हर्नर रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट्सचे

अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट या लहानशा राज्याने ८ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या मध्यावधी निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर फिल स्कॉट यांना ७० टक्क्यांहून अधिक मते देऊन चौथ्यांदा निवडून दिले. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी राज्यस्तरीय इतर सर्व पदे रिपब्लिकन पक्षाच्या विरोधकांकडे सोपविली. विधिमंडळात तर डेमोक्रॅट्सना इतक्या जागा दिल्या की, गव्हर्नरांचा नकाराधिकार त्यांना केव्हाही मोडून काढता यावा. ज्या नेत्यावर एवढा विश्वास टाकला, त्याचेच हात मतदारांनी बांधून ठेवले, असा या निकालाचा अर्थ निघतो. तो जाणूनबुजून बांधला गेला की नकळत, याचे उत्तर पुढील दोन वर्षांत मिळाले.

‘मध्यावधी’ हा शब्द मराठी वाचकाला थोडा फसवणारा आहे. आपल्याकडे सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित झाले की मध्यावधी निवडणूक होते. अमेरिकेत मात्र तिची तारीख आधीच ठरलेली असते. राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर ती येते म्हणून ती मध्यावधी. या वेळी केंद्रीय प्रतिनिधिगृहाच्या सर्व आणि सिनेटच्या सुमारे एक-तृतीयांश जागा भरल्या जातात. व्हरमाँटमध्ये गव्हर्नरांची मुदत अवघी दोन वर्षांची असल्याने (शेजारचे न्यू हॅम्पशायर वगळता अमेरिकेत इतकी अल्प मुदत अन्यत्र नाही) प्रत्येक मध्यावधीत राज्याचीही संपूर्ण निवडणूक होते. गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. ते थेट जनतेतून निवडले जातात आणि त्यांच्या अधिकारांची तुलना करायची तर ती मुख्यमंत्र्यांशी करावी लागेल. मात्र विधिमंडळातील बहुमतावर त्यांचे पद अवलंबून नसते.

राज्याच्या आकाराची कल्पना येण्यासाठी सिक्कीमचे उदाहरण उपयोगी पडेल. २०२० च्या जनगणनेनुसार व्हरमाँटची लोकसंख्या ६ लाख ४३ हजार ७७ होती. २०११ च्या आपल्या जनगणनेत सिक्कीमची लोकसंख्या ६ लाख १० हजारांच्या घरात होती. सिक्कीमला लोकसभेची एक आणि राज्यसभेची एक जागा आहे. व्हरमाँटलाही केंद्रीय प्रतिनिधिगृहात एकच जागा आहे. सिनेटमध्ये मात्र दोन, म्हणजे जवळजवळ चार कोटी लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाइतक्याच. राज्याच्या विधिमंडळाचा पसारा मोठा आहे. प्रतिनिधिगृहात १५० आणि राज्य सिनेटमध्ये ३० सदस्य बसतात. सरासरी काढली तर सुमारे ४,३०० लोकांमागे एक प्रतिनिधी येतो. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाची लोकसंख्या याहून अधिक असते. अशा ठिकाणी उमेदवार हा पक्षचिन्हाआधी माणूस म्हणून ओळखला जातो.

स्कॉट यांच्या यशाचे मूळ येथे सापडते. बांधकाम व्यवसायातून राजकारणात आलेले आणि मोटारशर्यतींत भाग घेणारे हे गृहस्थ २०१६ मध्ये प्रथम गव्हर्नरपदी निवडून आले. करवाढीला त्यांचा विरोध असतो; परंतु बंदुकांवरील निर्बंधांचा कायदा त्यांनी २०१८ मध्ये आणि गर्भपाताच्या हक्काला संरक्षण देणारा कायदा २०१९ मध्ये स्वाक्षरी करून मंजूर केला. २०२० मध्ये आपण जो बायडेन यांना मत दिल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. त्या निवडणुकीत बायडेन यांना व्हरमाँटमध्ये ६६ टक्के मते पडली होती. थोडक्यात, राष्ट्रीय रिपब्लिकन पक्षापासून दूर राहूनच स्कॉट व्हरमाँटमध्ये रिपब्लिकन राहू शकले. २०२२ मध्ये त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या ब्रेंडा सीगल यांचा त्यांनी सुमारे तिप्पट मते घेऊन पराभव केला.

ही लोकप्रियता पक्षातील इतरांच्या मात्र कामी आली नाही. सिनेटच्या उमेदवारीसाठी स्कॉट यांनी माजी केंद्रीय सरकारी वकील क्रिस्टिना नोलन यांना पाठिंबा दिला होता. ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना डावलून कडव्या विचारांच्या जेराल्ड मॅलॉय यांना पसंती दिली आणि नोव्हेंबरमध्ये मॅलॉय मोठ्या फरकाने हरले. उपगव्हर्नरपदासाठी उभे असलेले मवाळ रिपब्लिकन जो बेनिंग यांनाही डेव्हिड झुकरमन यांच्यापुढे हार पत्करावी लागली. झुकरमन हे प्रोग्रेसिव्ह आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांच्या नावाने लढले; व्हरमाँटमध्ये एका उमेदवाराला एकाहून अधिक पक्षांची नावे लावता येतात. महाधिवक्ता, कोषाध्यक्ष, राज्य सचिव आणि लेखापरीक्षक ही पदेही डेमोक्रॅट्सकडे गेली.

केंद्रीय पातळीवरील निकालात नवल नव्हते. इतिहास मात्र घडला. १९७४ मध्ये प्रथम निवडून आलेले सिनेटर पॅट्रिक लेही ४८ वर्षांनी निवृत्त होत होते. यादवी युद्धाच्या काळापासून शंभर वर्षे हे राज्य रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला होते. १९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या लाटेत ज्या दोनच राज्यांनी रिपब्लिकन उमेदवाराला साथ दिली, त्यांत मेनबरोबर व्हरमाँट होते. लेही हे तेथून सिनेटवर निवडून गेलेले पहिले डेमोक्रॅट. १९७४ च्या त्या लढतीत एका छोट्या पक्षाकडून बर्नी सँडर्स नावाचा तरुणही उभा होता आणि त्याला चार टक्के मते मिळाली होती! लेही यांची जागा आता पीटर वेल्श यांनी जिंकली. सोळा वर्षे प्रतिनिधिगृहात काढलेले वेल्श तेव्हा ७५ वर्षांचे होते.

वेल्श यांच्यामुळे रिकाम्या झालेल्या प्रतिनिधिगृहाच्या जागेवर बेका बॅलिंट विजयी झाल्या. माजी शिक्षिका असलेल्या बॅलिंट राज्य सिनेटच्या हंगामी अध्यक्ष होत्या. प्राथमिक निवडणुकीत त्यांनी तत्कालीन उपगव्हर्नर मॉली ग्रे यांना हरविले. त्या वेळी सँडर्स यांचा पाठिंबा बॅलिंट यांना होता. १७९१ मध्ये अमेरिकेत सामील झालेल्या व्हरमाँटने २३१ वर्षांत एकही स्त्री काँग्रेसमध्ये पाठविली नव्हती आणि २०१८ नंतर असे ते एकमेव राज्य उरले होते. पुरोगामी म्हणून मिरविणाऱ्या राज्याला हे शोभणारे नव्हते खरे. परंतु त्याचे सारे खापर मतदारांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. मॅडलिन क्यूनिन या १९८५ मध्येच तेथे गव्हर्नर झाल्या होत्या. खरी अडचण जागांची होती. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मिळून जागा तीन, आणि त्यांवर बसलेली माणसे दशकानुदशके उठत नसत. जागा रिकामी झाली तेव्हा दार उघडले.

याच दिवशी दोन घटनादुरुस्त्यांवरही मतदान झाले. पुनरुत्पादनविषयक वैयक्तिक स्वायत्ततेला राज्यघटनेत स्थान देणाऱ्या दुरुस्तीला सुमारे ७७ टक्के मतदारांनी संमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा संघीय हक्क जूनमध्ये रद्द केला असला, तरी व्हरमाँटमधील ही प्रक्रिया २०१९ मध्येच सुरू झाली होती. कारण तेथे दोन लागोपाठच्या विधिमंडळांनी मंजुरी दिल्यावरच दुरुस्ती जनतेपुढे जाते. दुसरी दुरुस्ती गुलामगिरीविषयी होती. १७७७ च्या घटनेने प्रौढांची गुलामगिरी निषिद्ध ठरविली होती खरी, पण अल्पवयीनांबाबत आणि कर्ज किंवा दंडाच्या वसुलीबाबत तिच्यात पळवाटा राहिल्या होत्या. त्या अडीच शतकांनी बुजविण्यात आल्या.

व्हरमाँटच्या दैनंदिन कारभारावर सर्वाधिक परिणाम झाला तो विधिमंडळाच्या निकालाचा. गव्हर्नरांनी परत पाठविलेले विधेयक मंजूर करण्यासाठी दोन्ही सभागृहांत उपस्थित सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांची गरज असते. म्हणजे सर्व सदस्य हजर असतील तर प्रतिनिधिगृहात १०० मते. २०२० च्या निवडणुकीनंतर डेमोक्रॅट आणि प्रोग्रेसिव्ह मिळून ९९ होत होते. २०२२ मध्ये एकट्या डेमोक्रॅट्सचीच संख्या १०४ वर गेली. नकाराधिकार वापरण्यात स्कॉट यांनी राज्याच्या इतिहासातील सर्व गव्हर्नरांना मागे टाकले होते. त्यांचे ते शस्त्र या आकड्याने बोथट झाले. मे २०२३ मध्ये घरे तापविण्यासाठीच्या इंधनाविषयीचे विधेयक त्यांच्या नकारानंतरही कायदा झाले. जूनमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आणि बालसंगोपनासाठी वेतनावर ०.४४ टक्के कर लावणारे विधेयक याच मार्गाने गेले. जून २०२४ मध्ये विधिमंडळाने एकाच दिवशी सहा नकाराधिकार मोडून काढले. त्यांत शाळांच्या खर्चासाठी मालमत्ता करात सरासरी सुमारे १४ टक्के वाढ करणारे विधेयकही होते.

या कराची देयके घरोघरी पोहोचली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी गणित बदलले. स्कॉट पाचव्यांदा निवडून आले, आणि या खेपेस पक्षालाही त्यांचा उपयोग झाला. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन सदस्य ३८ वरून ५६ आणि राज्य सिनेटमध्ये ७ वरून १३ झाले. डेमोक्रॅट्सचे बहुमत टिकले, दोन-तृतीयांशाची मर्यादा मात्र हातची गेली. उपगव्हर्नरपदाच्या लढतीत झुकरमन मागे पडले. पण पूर्वी डेमोक्रॅट असलेले रिपब्लिकन उमेदवार जॉन रॉजर्स यांनाही निम्मी मते मिळाली नाहीत. अशा वेळी व्हरमाँटच्या घटनेनुसार विधिमंडळ निवड करते. जानेवारी २०२५ मध्ये डेमोक्रॅट्सचे बहुमत असलेल्या त्या विधिमंडळाने अधिक मते मिळविणाऱ्या रॉजर्स यांचीच निवड केली. त्यानंतर शालेय शिक्षणाच्या रचनेत आणि खर्चात बदल करणारा कायदा करताना दोन्ही बाजूंना एकमेकांशी वाटाघाटी कराव्या लागल्या. १ जुलै २०२५ रोजी स्कॉट यांनी त्यावर स्वाक्षरी केली.