इंग्रजीतील प्रौढ शब्द व त्यांची वाक्यांतील योजना

पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात लिहिलेले एक वाक्य प्रस्तुत लेखकाच्या अद्याप स्मरणात आहे. थकलेल्या प्रवाशाने विहिरीच्या पाण्याने आपली तहान ‘मिटिगेट’ केली, असा त्याचा आशय होता. कर्ता, कर्म, क्रियापद, काळ, सर्व जेथल्या तेथे होते. परीक्षकाने त्या एका शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात ‘अयोग्य शब्द’ एवढाच शेरा दिला व गुण कापले. विद्यार्थी विचारावयास आला तेव्हा त्याच्या हाती स्पर्धा-परीक्षेची शब्दसूची होती आणि तीत ‘मिटिगेट’पुढे ‘शमविणे’ असे स्वच्छ छापलेले होते. मराठीत तहान शमवितात. मग चूक कोठे झाली, असा त्याचा प्रश्न होता. तो रास्त होता, आणि तांबड्या रेघेत त्याचे उत्तर नव्हते.

मराठीतील ‘शमविणे’ या क्रियापदाची नेहमीची कर्मे म्हणजे तहान, भूक, राग, आग. ‘मिटिगेट’ हा शब्द मऊ अथवा सौम्य या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून निघाला असून त्याची आजची कर्मे हानी, धोका, दुष्परिणाम, शिक्षेची कठोरता अशी आहेत. न्यायालयात शिक्षा सौम्य करण्यास कारण होणाऱ्या परिस्थितीचा उल्लेख याच धातूच्या विशेषणाने करतात. तहानेसाठी मात्र इंग्रजीस ‘क्वेंच’ हे निराळे क्रियापद लागते. म्हणजे सूचीतील समीकरण सर्वस्वी खोटे नाही. दोन शब्दांचे अर्थ जेथे एकमेकांस स्पर्श करतात तेवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु प्रतिशब्द कधी एकटा येत नाही. तो आपला सारा गोतावळा बरोबर घेऊन येतो, आणि विद्यार्थी नकळत त्या गोतावळ्याला इंग्रजीच्या घरात उतरवून घेतो.

हे उलट दिशेने पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. चहा कडक असतो, शिस्त कडक असते, ऊन कडक असते व थंडीही कडक असते. इंग्रजीत पहिल्यास ‘स्ट्राँग’, दुसरीस ‘स्ट्रिक्ट’, तिसऱ्यास ‘स्कॉर्चिंग’ आणि चौथीस, म्हणजे जिला आपण कधी कडू म्हणणार नाही तिला, ‘बिटर’ असे विशेषण लावतात. मराठी शिकणाऱ्या परकीयाची अवस्थाही अशीच होते. आपण दिवा लावतो, दार लावतो, झाड लावतो आणि मुलांना शिस्तही लावतो. ‘लावणे’ या शब्दाचा एकच इंग्रजी अर्थ पाठ करणाऱ्याने यांपैकी किती वाक्ये बिनचूक करावीत?

‘करणे’ या क्रियापदाने तर अधिकच घोटाळा होतो. मराठीत चूक, शस्त्रक्रिया, युद्ध, गुन्हा, सत्कृत्य या सर्वांना ते चालते. इंग्रजीत चुकीस ‘मेक’, शस्त्रक्रियेस ‘परफॉर्म’, युद्धास ‘वेज’ आणि गुन्ह्यास ‘कमिट’. ‘कमिट म्हणजे करणे’ एवढेच शिकलेला विद्यार्थी सत्कृत्यही ‘कमिट’ करतो, आणि इंग्रजी जाणणाऱ्या वाचकास त्या सत्कृत्याला गुन्ह्याचा वास येऊ लागतो. मुलाखतीच्या खोलीत अशा वाक्यावर हसू उमटते. हसणाऱ्यांना विद्यार्थ्याचे अज्ञान दिसते. त्याने मराठीचे नियम किती निष्ठेने पाळले हे दिसत नाही.

शब्दांच्या या सोबतीचा विचार नवा नव्हे. हॅरल्ड पामर यांनी इंग्रजीतील शब्दसंयोगांविषयीचा आपला अहवाल १९३३ साली टोकियोहून प्रसिद्ध केला. जे. आर. फर्थ यांनी १९५१ च्या निबंधात शब्दसाहचर्य, त्यांच्या परिभाषेत ‘कॉलोकेशन’, ही अर्थाचीच एक पातळी मानली. पुढे संगणकाच्या साह्याने लक्षावधी वाक्ये तपासणे शक्य झाले आणि जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम येथे सिद्ध झालेला ‘कोबिल्ड’ कोश १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा तपासणीतून जे हाती आले ते मोठे उद्‌बोधक आहे. ‘कॉज’ हे साधे क्रियापद घ्या. कोशात त्याचा अर्थ तटस्थ आहे. प्रत्यक्ष वापरात त्याच्या पुढे बहुधा नुकसान, विलंब, वेदना, चिंता असे काही अनिष्टच येते. हा कल प्रतिशब्दातून कळणे अशक्य आहे.

सोबतीखेरीज रचनेचाही प्रश्न असतो. ‘त्याने मला जाण्यास सुचविले’ हे मराठी वाक्य शुद्ध आहे. परंतु ‘सजेस्ट’च्या मागोमाग व्यक्तिवाचक कर्म व ‘टू’युक्त क्रियापद ठेवणे इंग्रजीस मान्य नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह रचलेल्या व १९४२ मध्ये जपानात प्रथम छापलेल्या कोशात क्रियापदांचे पंचवीस साचे देऊन कोणते क्रियापद कोणत्या साच्यात बसते हे दाखविले होते. आमचे विद्यार्थी कोश उघडतात ते अर्थासाठी. साच्याकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही.

मग ‘प्रौढ’ शब्द तरी कोणते? या बाबतीत आमच्याकडील सूचींची निवड प्रस्तुत लेखकास विचित्र वाटते. ‘प्लेथोरा’सारखा शब्द तीत हटकून असतो, ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’ हे ओळखीचे समजून सोडून दिलेले असतात. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लक्ष शब्दांच्या विद्याविषयक लेखनातून ५७० शब्दकुलांची सूची तयार करून २००० साली प्रसिद्ध केली. वरील तिन्ही शब्द तिच्या पहिल्याच गटात आहेत. पाठ्यग्रंथ वाचताना व प्रबंध लिहिताना अडते ते अशाच शब्दांपाशी. दुर्मिळ शब्द वाचताना ओळखता आला तरी पुष्कळ झाले; तो लिहिलाच पाहिजे असे नाही.

लिहावयाच्या शब्दांसाठी वहीची मांडणी बदलावी. शब्दासमोर प्रतिशब्द असावा, तो टाळण्याचे कारण नाही. परंतु त्याखाली वाचनात प्रत्यक्ष आढळलेली तीन वाक्ये उतरून घ्यावीत आणि त्यांतील कर्मांखाली रेघ ओढावी. मग पहिल्या वाक्यात एकच पद बदलून स्वतःचे वाक्य करावे, आणि तेही आपल्या माहितीच्या विषयावर. कृषिशाखेच्या विद्यार्थ्यास पिकाच्या हानीसंबंधी ‘मिटिगेट’ योजणे सोपे जाते, कारण काय म्हणावयाचे ते त्यास ठाऊक असते. आठवड्यास पाच शब्द पुरे. रोज पन्नास शब्दांचा सपाटा लावणाऱ्यास ही चाल मंद वाटेल, व ती आहेच.

येथे एक सावधगिरी शिक्षकांसाठी. विद्यार्थ्याचे प्रत्येक अनोखे वाक्य चूकच असते असे नव्हे. ‘प्रीपोन’ हे क्रियापद भारतीय इंग्रजीत रुळले आणि ऑक्सफर्डच्या कोशांतही त्यास स्थान मिळाले. शब्दावर रेघ ओढण्यापूर्वी आपणही कोश पाहावा, आणि ओढलीच तर समासात त्या शब्दाची दोन योग्य कर्मे लिहून द्यावीत. त्यास अर्धा मिनिट लागतो. उपर्युक्त विद्यार्थ्यास ‘मिटिगेट’ची कर्मे लिहून दिली तेव्हा त्याने ती वाचली, सूची मिटली आणि पुढचा प्रश्न विचारला तो ‘क्वेंच’विषयी: या क्रियापदाने आग विझविता येते काय? येते, असे त्यास सांगितले. परंतु भूक त्याने भागत नाही.