शाळेचा पहिला सेवक

तुमच्या शाळेचा प्रमुख कोण, असे विचारले तर तुम्ही लगेच मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बोट दाखवाल. त्या खोलीत जाताना छाती थोडी धडधडतेच, नाही का? पण शाळा चालवणे म्हणजे फक्त हुकूम देणे नव्हे. सर्वांत अवघड काम आधी प्रमुखाने अंगावर घ्यायचे, अशीही एक रीत आहे. डॉ. झाकिर हुसेन यांनी ती पाळली.

जामिया मिल्लिया इस्लामिया ही संस्था १९२० मध्ये अलीगढला सुरू झाली व १९२५ मध्ये दिल्लीला आली. पुढच्याच वर्षी झाकिर हुसेन जर्मनीहून शिकून परतले आणि तिचे प्रमुख, म्हणजे 'शेखुल जामिया' झाले. तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. काही मुले मळके बूट घालून येत. अनेकदा सांगूनही फरक पडेना. मग एके दिवशी शेखुल जामिया स्वतःच ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले! मुलांची काय अवस्था झाली असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

गोष्ट छान आहे. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोठे वाटते. बूट एका दिवसात चकचकीत होतात. संस्था जगवायला वर्षे लागतात. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान वारले आणि जामियाचा मोठा आधार गेला. पैशाची फार ओढाताण होऊ लागली. तेव्हा झाकिर हुसेन व त्यांच्या सोबतच्या शिक्षकांनी प्रतिज्ञा केली : वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार घेणार नाही. प्रमुखाने स्वतः ही अट पाळली, म्हणून इतरांना ती जाचक वाटली नसावी. १९४८ पर्यंत ते त्याच पदावर राहिले.

१ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली. असा मान सहसा मोठ्या पाहुण्यांना मिळतो. इथे पायाचा दगड बसवला तो जामियातल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने.