पत्ता आणि पटसंख्या : ‘सी’ भाषेतील अ‍ॅरेविषयी

नवापूरसारख्या गावातून दहावी उत्तीर्ण होऊन पदविका अभ्यासक्रमास जाणाऱ्या मुलामुलींना ‘सी’ ही संगणकभाषा लवकरच भेटते, आणि तिच्यातील अ‍ॅरे या प्रकरणापाशी अनेकांची पावले अडखळतात. ही अडचण बुद्धीची कमी आणि इतिहासाची अधिक आहे. म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने या विषयावर लिहिण्यास हरकत नसावी.

अ‍ॅरे म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची, संगणकाच्या मेमरीत एकापाठोपाठ एक मांडलेली रांग. चाळीस विद्यार्थ्यांचे गुण ठेवावयाचे तर ‘इंट गुण[४०]’ असे लिहितात. आजच्या बहुतेक संगणकांवर एका पूर्णांकास ४ बाइट लागतात, म्हणजे ही रांग १६० बाइटांची झाली. ‘साइझऑफ’ने मोजून चाराने भागले की ४० हे उत्तर बिनचूक मिळते. परंतु हाच अ‍ॅरे सरासरी काढणाऱ्या फंक्शनकडे सोपवून तेथे तीच मोजणी केली, तर ६४-बिट संगणकावर उत्तर येते २! चाळीस मुलांच्या वर्गात दोघांचीच सरासरी निघते आणि प्रोग्राम निर्धास्तपणे पुढे चालू राहतो.

याचे कारण असे, की फंक्शनच्या हाती अ‍ॅरे पडतच नाही; पडतो तो त्याच्या पहिल्या घराचा पत्ता, आणि पत्ता ८ बाइटांचा असतो. पॅरामीटरच्या चौकटी कंसात ४० लिहिले तरी कंपायलर त्यास पॉइंटरच समजतो. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅबोरेटरीजमध्ये ‘सी’ घडविली, ती ‘बी’ या आधीच्या भाषेतून. ‘बी’मध्ये अ‍ॅरेचे नाव म्हणजे पत्ता साठविणारे एक स्वतंत्र घरच होते. ‘सी’ने ते घर काढून टाकले, नाव घेताच पत्ता हाती देण्याची रीत मात्र राहिली. पॅरामीटरमधील तो रिकामा कंस त्या जुन्या व्यवस्थेचा अवशेष होय. तेव्हा पत्त्याबरोबर पटसंख्याही वेगळी पाठवावी लागते. ती दुसरे कोणी सांगणार नाही.

पण पटसंख्या आधी ठाऊकच नसेल तर? वसतिगृहाची हजेरी रोज बदलते. १९९९च्या प्रमाणाने, म्हणजे सी-९९ने, अ‍ॅरेची लांबी प्रोग्राम चालू असताना ठरविण्याची मुभा दिली : आधी संख्या वाचावी, मग ‘इंट गुण[संख्या]’ लिहावे. टर्बो सी हा कंपायलर १९८७चा. तो ही ओळ नाकारतो आणि जीसीसी ती स्वीकारतो. दोन प्रयोगशाळांत दोन उत्तरे मिळाल्याने विद्यार्थी गोंधळतो, त्याचे मूळ या बारा वर्षांत आहे.

ही मुभा धोक्याचीही आहे. असा अ‍ॅरे सहसा स्टॅक नावाच्या मर्यादित जागेत उभा राहतो. कोणी वीस लाखांऐवजी वीस कोटी टंकले तर जागा अपुरी पडते, आणि तसे कळविण्याची सोय नसल्याने प्रोग्राम कोसळतो. ‘मॅलॉक’ने जागा मागितली तर नकार निदान ‘नल’ या रूपाने कळू शकतो. सी-११ने ही सोय ऐच्छिक केली; लिनक्सच्या कर्नेलमधून असे अ‍ॅरे २०१८ साली हद्दपार झाले.

तरीही पॅरामीटरमध्ये हीच कल्पना फार उपयोगी ठरते, कारण तेथे नवी जागा लागत नाही. मुले आणि विषय यांचा तक्ता पाठविताना ‘(इंट मुले, इंट विषय, इंट गुण[मुले][विषय])’ असे लिहिता येते. एका ओळीत किती घरे आहेत हे कळल्याशिवाय पुढील ओळीचा पत्ता काढता येत नाही. म्हणून ‘विषय’ हा आकडा तक्त्याच्या आधी यावा. सी-२३ने पॅरामीटरमधील हा प्रकार पुन्हा सर्व कंपायलरांना बंधनकारक केला, स्टॅकवरील अ‍ॅरे मात्र ऐच्छिकच ठेवला.