घराण्याचं दप्तर

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांची इच्छा बहुधा एकच असते : शिवाजी महाराजांचं पत्र पाहायचं. इच्छा रास्तच आहे. पण मी मोडी लिपी शिकवते, आणि माझ्या विद्यार्थ्यांना आधी एखाद्या घराण्याच्या हिशेबाचे कागद मागवायला सांगते.

जुने कागद इथे रुमालात बांधलेले असतात. एका घराण्याचे असे सगळे रुमाल मिळून त्या घराण्याचं दप्तर. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळ स्थापलं, ते अशी दप्तरं नष्ट होण्याआधी हाती यावीत म्हणून. आज तिथे पंधरा लाखांहून अधिक मोडी कागद आहेत. पोथ्या, फार्सी कागद, नाणी, चित्रं वेगळीच.

कागद उलगडला की नवशिक्या गांगरतो. लेखकाने आधी पानभर आडव्या रेघा ओढलेल्या, मग बोरूने त्यांना अक्षरं लटकवत नेलेली. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तारीख अरबी महिन्याची आणि सन अरबी अंकशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : सुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीतल्या कागदासाठी सहाशे मिळवायचे. येतं १७६१, पानिपताचं साल! ही बेरीज पहिल्यांदा जुळते तेव्हा विद्यार्थ्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

हिशेबाचा माझा आग्रह यासाठी की पत्रात माणूस जपून लिहितो, खर्च मात्र झाला तसा मांडतो. शिवाय पत्रही शेजारच्या कागदांसकटच वाचावं लागतं. हिंगणे हे दिल्ली दरबारातले पेशव्यांचे वकील. ग. ह. खरे यांनी संपादलेल्या त्यांच्या दप्तरात राजकारण आहेच; पण एखादं पत्र कधी निघालं, कोणी नेलं, वाटेत किती दिवस गेले, हे त्याच्या आगेमागच्या कागदांतून उमगतं. सुंदर अक्षराचं एकच पत्र काढून चौकटीत घातलं, की ते मुकं होतं.

जेधे शकावलीची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कारी गावच्या जेधे देशमुखांकडची ही जुनी टिपणवही लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. तीत शिवजन्माची तिथी होती : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ही तिथी तोवर रूढ असलेल्या सालाशी जुळत नव्हती, त्यामुळे वाद पेटला. कान्होजी जेधे महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांपैकी, आणि नोंद त्यांच्याच घराण्यातली. हे ठाऊक होतं म्हणून तिला वजन आलं. पुढे तंजावरहून परमानंदाचं ‘शिवभारत’ हे शिवचरित्राचं काव्य हाती आलं, तर त्यातही हीच तिथी. एकमेकांपासून शेकडो मैलांवर राहिलेले दोन कागद एकच गोष्ट सांगत होते. हीच टिपणवही घराण्याच्या नावाशिवाय एखाद्या रद्दीच्या दुकानात सापडली असती, तर तिच्यावर कितीजणांनी विश्वास ठेवला असता?

तुमच्याही घरी माळ्यावर एखादं गाठोडं असेल. ते मंडळाला देण्याआधी त्यातले कागद निवडू नका. ‘हे काय, किराणाच आहे’ म्हणून फाडलेल्या यादीतच त्या वर्षीच्या धान्याचा भाव असतो. कागद आहेत त्याच क्रमाने राहू द्या, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गाव कोणतं, गाठोडं कोणाकडून आलं, घराकडे वतन किंवा कुलकर्ण होतं का, एवढं घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून एका कोऱ्या कागदावर लिहा, खाली तारीख घाला, आणि तो कागदही गाठोड्यासोबत द्या.